सोळावा कोट

गुरुवार, ता. १४

चि. ठकीस,

आशीर्वाद. तुझं पाकीट सोमवारी पोचलं. मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे. नळवाला तीनदा येतो म्हणाला आणि एकदाही आला नाही, तेव्हा वॉशर मीच बदलला. तुझा बाप रोज फोन करतो आणि "जेवलीस का" म्हणून विचारतो. हो म्हटलं की पुढे काय बोलायचं ते त्यालाही सुचत नाही आणि मलाही नाही. मग दोघं मिळून हवेचं बोलतो.

आजोबांना जाऊन आज तेवीस दिवस झाले. शेजारीण येते आणि मी रडते का म्हणून माझ्या तोंडाकडे बघत बसते. परवा शेवटी तीच रडली. मी तिला पाणी दिलं. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तसं आत सगळं झालंय. चिमटा काढला तरी कळत नाही. मुंग्या यायला लागतील तेव्हा बघू.

आता तुझ्या कामाचं. आजोबांच्या वाढदिवसाला तू तो खोका पाठवलास, जॅझमधल्या स्विंगच्या जमान्यातल्या मोठ्या बँडांच्या निवडक रेकॉर्डिंगचा. चार तबकड्या आणि एक जाड पुस्तक. सोळा माणसं एकदम फुंकतात आणि सोळाही जणांना घाई. पण हे रोज दुपारी लावायचे. तिसऱ्या तबकडीवरची सातवी चाल यांच्या बँडची. तीत मधे सगळे गप्प होतात आणि एकटा ट्रॉम्बोन वाजतो. ते आजोबा, हे आपल्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि पुस्तकात त्या जागी भलत्याच माणसाचं नाव. तू लिहितेस की कंपनी नवी आवृत्ती काढते आहे, चूक सुधारायला तयार आहे, फक्त बायकोची सही हवी की वाजवणारा माझाच नवरा. कागद टाईप करून पाठवलास. पेन्सिलीने फुली मारून लिहिलंस, "आजी, इथे".

सहीला किती वेळ लागतो? चार दिवस कागद टेबलावर आहे. त्यावर साखरेचा डबा ठेवते, पुन्हा उचलते.

तुला कोटांचं सांगते. ते तुला कुणी सांगितलेलं नाही.

मी लाँड्रीत इस्त्रीला होते तेव्हा यांच्या बँडचे सोळा कोट आमच्याकडे यायचे. साईच्या रंगाचे. माणसं मी नंतर पाहिली, आधी कोट ओळखायला शिकले. सॅक्सोफोनवाल्याची कॉलर मागून झिजलेली, गळ्यातल्या पट्ट्याने. पियानोवाल्याचा कोट बसायच्या जागी तुळतुळीत. ड्रमवाल्याच्या काखा तर विचारू नकोस. आणि ट्रॉम्बोनवाल्याची उजवी बाही कोपरात मोडलेली, दिवसभर ती पितळी नळी पुढेमागे सरकवायची म्हणून. ती मोड कितीही दाबली तरी जायची नाही. एकदा कोट न्यायला आलेल्या माणसाला मी म्हटलं, "तुमचा हात तेवढा काढून ठेवा, मग इस्त्री नीट बसेल." ते म्हणाले, "हात काढून ठेवला तर पैसे कोण देणार, तुम्ही?" हे तुझे आजोबा.

त्यांच्या मास्तरचा नियम होता, अंगात कोट नसेल तो वाजवायला बसणार नाही. रेकॉर्डिंगच्या खोलीत बघायला कुत्रं नसायचं, तरी कोट. कोट घातला की माणूस ताठ बसतो आणि ताठ बसला की श्वास पोटातून येतो, असं त्याचं म्हणणं. बदलीची माणसं दाराबाहेर कोट घालून बसलेली असत. त्यांच्यात एक लांबड्या होता, त्याच्या बाह्या चार बोटं आखूड.

ती चाल वाजवायची होती त्याच्या दोन दिवस आधी हे काउंटरवर आले. म्हणाले, रेकॉर्डिंगला बसतील ते सोळा जण पुढच्या महिन्यात बोटीवर वाजवायला जाणार. दोन वर्षं. "पत्र पाठवीन," म्हणाले.

मी म्हटलं, "मला वाचता येत नाही."

"मग शीक."

"शिकवणार कोण? बोट?"

हसले आणि गेले. आमचं लग्नाबिग्नाचं काही बोलणं झालेलं नव्हतं. काउंटरच्या अलीकडे मी आणि पलीकडे ते, एवढंच.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी पंधरा कोट करून झाले. सोळावा यांचा. ओलं फडकं घालून पाठ सरळ केली, बाही दाबली, नेहमीची मोड तिथेच होती. मग फडकं काढलं आणि कोरडी इस्त्री पाठीवर ठेवली. मला तेव्हा वीसपर्यंत मोजता यायचं, चादरींचे गठ्ठे विसाचे असत म्हणून. वीस मोजले.

इस्त्री उचलली तर खाली तिच्या आकाराचा तपकिरी डाग.

ते दहाला आले. मी म्हटलं, चुकून झालं. ते म्हणाले, "होतं." माझ्या मालकिणीने माझा पगार कापला आणि मास्तरने यांना दारातूनच परत पाठवलं. म्हणाला, "आज कोट जाळून आलास, उद्या वाद्य विकून येशील." लांबड्या आत गेला. त्या चालीत जो एकटा वाजवतो तो लांबड्या. पुढच्या महिन्यात बोटीवरही तोच गेला. यांना पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नोकरी लागली, लोकांचे मीटर वाचायची. तिथे एकतीस वर्षं काढली. मला अक्षरं त्यांनीच शिकवली, लग्न झाल्यावर, मीटरच्या जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर. म्हणून माझा आकडा अक्षरापेक्षा बरा येतो.

खोटं सुरू झालं ते तुझ्या बापापासून. तो सात वर्षांचा असताना रेडिओवर ती चाल लागली. त्याने विचारलं, "बाबा, हे तुम्ही?" यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बटणं लावत होते. हे म्हणाले, "हो." तुझा बाप दुसऱ्या दिवशी शाळाभर सांगून आला. मग कोण मागे घेणार? मी गप्प बसले, कारण तोंड उघडलं असतं तर कोटापर्यंत जावं लागलं असतं.

आता जे चार दिवस लिहायचं टाळलं ते लिहिते.

ते गेले मंगळवारी. त्याच्या आदल्या रविवारी दुपारी त्यांनी तिसरी तबकडी लावली. मी समोर उशांचे अभ्रे घालत होते. ती सातवी चाल आली, एकट्याचं वाजवणं आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, "लांबड्याने चांगलं वाजवलंय."

मी पुढचा अभ्रा उचलला.

मग म्हणाले, "तुझ्या हाताखालून तेव्हा किती कोट गेले असतील गं?"

"मोजले नाहीत."

"आणि जळला एकच."

आवाजात राग नव्हता, हसूही नव्हतं. मीटर वाचल्यासारखे बोलले. त्यांना कधीपासून माहीत होतं? पहिल्या दिवसापासून? आणि माहीत असून माझ्याशी लग्न केलं, ते माझ्यासाठी की बोट चुकलीच होती म्हणून? साठ वर्षांत एकदाच दार उघडलं होतं, मला फक्त आत जायचं होतं.

मी म्हटलं, "चहा टाकू?"

ते म्हणाले, "टाक."

सोमवारी काही विषय निघाला नाही. मंगळवारी सकाळी दाढी करताना खुर्चीत गेले. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस तसाच. डॉक्टर येईपर्यंत उरलेली मी केली. कुठेही कापलं नाही. माझा हात अशा वेळी हलत नाही, हे तुला आता कळलंच आहे.

पस्तावा झाला का, ते मला विचारू नकोस. खोटं लिहीन. तो कोट नसता जळला तर तुझा बाप नसता आणि तूही नसतीस, हा हिशेब मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलाय. ऐकताना बरा वाटतो, पण माझ्या हातात इस्त्री होती तेव्हा तुम्ही कुणीच नव्हता. मी तुमच्यासाठी काही केलं नाही.

पुस्तकातलं नाव बरोबर आहे, ते हलवू नकोस. लांबड्याचीही कुठे नात असेल, तीही पुस्तक उघडून बोट ठेवत असेल. एकदा त्याने आमची जागा घेतली, ती मी दिली म्हणून. आता त्याच्याकडून ती पुन्हा काढून घ्यायची, तेही माझ्याच हाताने, हे व्हायचं नाही. तुझ्या बापाला सांगायचं की नाही ते तू ठरव. त्याने विचारलं तर मी नाही म्हणणार नाही, आणि चहाही टाकणार नाही.

तुझा कागद सोबत परत पाठवते. त्यावर साखरेच्या डब्याचा गोल उमटलाय आणि फुलीच्या जागी काही नाही. माझी सही तुला हवी होती, ती या कागदावर करते. मी लिहिलेलं सगळं खरं आहे.

तुझी आजी,
इस्त्रीवाली