दारावरचा वाकडा क्रूस

गोराई, बुधवार संध्याकाळ

ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की आई आणि मी ओट्यावर बसून आशीर्वादित पानांचे छोटे क्रूस विणायचो. माझा नेहमी वाकडा व्हायचा. "असू दे गं, येशूला चालतो," आई म्हणायची.

जुने क्रूस राखेच्या बुधवारासाठी, जाळून राख करायला, चर्चला परत द्यायचे असतात. दारावरचा एक मात्र तिने कधीच दिला नाही; वादळात घर राखतो, म्हणायची. परवाच्या वादळात छप्पर उडालं, तो राहिला. चमत्कार म्हणू का? शेजारच्या रोझीचा तर दारासकट गेला.

काल गल्ली आमच्याकडेच रोझरीचा जप करायला जमली. वर उघडं आभाळ, मी जपमाळ हातात धरून तिकडेच बघत बसले. तेव्हा लीनाने सुरुवात केली. माझी लेक! "पानाने वादळ थांबतं का, मम्मी?" म्हणून चिडवणारी. काल हळूच म्हणाली, "बरंय ना, छप्पर नाही. रोझरी थेट वर जाईल." मग शेवटपर्यंत एकदाही अडखळली नाही. अभिमानाने ऊर भरून आला. किती दिवसांनी शांत वाटलं.

आता लिहूनच ठेवते: मी गेल्यावर आईची लुगडी रोझीला द्या, सोन्याची माळ सुनेला. दारावरचा क्रूस लीनाला. तो वाकडा आहे, माझ्या हातचा.