सहावं ठाण

प्रिय सखू,

हे पत्र लेकाकडून, विकासकडून वाचून घे. नातीकडून, सोनमकडून नको. का ते पुढे कळेलच.

परवा आमच्या जुन्या पागेत गेले होते. भावानं बंगला आणि जमीन विकली, हे तुला ठाऊकच आहे. नव्या मालकांनी आता पागेत पाहुण्यांसाठी खोल्या केल्यात. जिथे पाय ठेवला की आई मला डोक्यावरून अंघोळ घालायची, तिथे पुण्याची माणसं हौसेनं झोपायला येतात! पण खोटं कशाला बोलू, काम देखणं झालंय. जान्हवी म्हणून एक आर्किटेक्ट पोरगी आहे, तिनं काळ्या दगडाची एकही कमान हलू दिली नाही. घोडे बांधायच्या सहा ठाणांच्या सहा खोल्या. घोड्यांची अर्धी दारं तशीच, गव्हाणीत हात धुवायचं बेसिन. पाणी वाहून जावं म्हणून ठाणांची जमीन उतरती होती ना, तीही तशीच ठेवून तिनं पलंगांच्या पायांखाली लाकडी पाचरी मारल्यात. मी तर बघतच राहिले.

प्रत्येक दारावर पितळी पाटी, घोड्याचं नाव आणि खाली दोन ओळी. बिजली. सुलतान. पाखऱ्या. चांदणी. मोहरा. आणि सहाव्या दारावर, सखू, सावळ्या. तुझे वडील! खाली लिहिलंय, 'मालकांचा लाडका काळा घोडा. इतका माणसाळलेला की माणसाच्या हातूनच खायचा, म्हणून या ठाणात गव्हाण नाही.' अगं, गव्हाण नव्हती कारण तिथे माणूस राहत होता! तू आणि तुझी आई वाडीवर, आणि ते बारमाही घोड्यांपाशी. जमीनसुद्धा त्या एकाच ठाणात सपाट आहे. कोपऱ्यात त्यांच्या चुलीची काजळी अजून दिसते. ती म्हणे घोड्यांचे हरभरे शिजवायची जागा.

एक मुलगी फडक्यानं ती पाटी चकचकीत करत होती. कुणाची गं तू, विचारलं तर म्हणाली, "सखूची नात, सोनम. गंमत बगा आजी, ह्या घोड्याचं नाव आमच्या पणजोबाचंच हाय." आणि हसली. मला तिच्याकडे बघवेना.

तावातावानं जान्हवीला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, "नलिनीताई, नावं तुम्हीच तर सांगितली होती."

खरं होतं गं. गेल्या वर्षी तिनं विचारलं होतं, घोड्यांची नावं आठवतात का. बाबांनी सहाही दारांवर रंगानं नावं लिहिली होती, पाच घोड्यांची आणि त्यांची निगा राखणाऱ्याचं, एकाच ओळीत. आम्ही मुलं ती पाढ्यासारखी म्हणायचो. तशीच मी फोनवर एका दमात सहाच्या सहा म्हणून टाकली. लहानपणी कळलं नाही, हे एक वेळ ठीक. पण सत्तरी उलटल्यावरही जीभ अडखळू नये? सहा वर्षांची मी त्यांना अरेतुरे करायची आणि ते मला ताईसाब म्हणायचे. चांदणीवरून पडले तेव्हा "रडायचं न्हाई ताईसाब, परत बसा," म्हणत त्यांनीच मला उचललं. त्यांना मी घोड्यांत मोजलं, सखू. माझी मलाच किळस आली.

जान्हवीनं त्याच दिवशी पाटी उतरवली. नव्या पाटीवर तुझ्या वडिलांचं नाव आणि काम नीट घालायचं ठरलं. तिनं विचारलं, त्यांचं पूर्ण नाव सांगा. सुलतान कोणत्या बाजारातून आणला, मोहऱ्याची आई कोण, हे मी आजही झोपेत सांगेन. तुझ्या वडिलांच्या वडिलांचं नाव, तुमचं आडनाव, मला काही म्हणता काही माहीत नाही. सोनमला विचारायचं धाडस झालं नाही. म्हणून तुला लिहितेय. आधी मला मनसोक्त शिव्या दे, आणि मग विकासकडून त्यांचं पूर्ण नाव लिहून पाठव.

तुझीच,
नलू