ताप नव्हता, कसर होती

७ सप्टेंबर १९९८

पुण्याहून निकाल आले — एकदाचे! जूनमध्ये साठ रुग्णांचं सात वर्षांत जमवून गोठवून ठेवलेलं रक्त थर्मासात बर्फ घालून, मांडीवर घेऊन, बसनं मी स्वतः पोचवलं होतं. शेजारची बाई कोल्हापूरपर्यंत थर्मासाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "चहा थंड होईल की हो."

साठपैकी अडतीस जणांच्या रक्तात विषाणू येऊन गेल्याच्या खुणा. सात वर्षं मी घसा कोरडा करतेय — आधी साधा विषाणूचा ताप येतो, चार दिवसांत जातो, आणि जाता जाता एखाद्याच्या हृदयाचा स्नायू पार सैल करून जातो. बनियन धुऊन धुऊन सैल होतं ना, तसं. मग माणसाला जिना चढवत नाही, पाय सुजतात, आणि घरचे म्हणतात दृष्ट लागली.

आनंद पाच मिनिटं टिकला. मग त्याच साठ जणांचे माझे प्रश्नावलीचे कागद काढले. प्रश्न सहावा : दम लागायच्या आधी तीन महिन्यांत ताप आला होता का? होय — नऊ. नाही — एकावन्न.

रक्त म्हणतं आला, माणूस म्हणतो नाही. आता कुणाचं ऐकू?

८ सप्टेंबर

शेषगिरी सरांना दाखवलं. माझे गाईड. चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "रक्त सुळ्ळ हेळंगिल्ल." रक्त खोटं बोलत नाही — म्हणजे माणसं बोलतात. निदान एकोणतीस माणसं एकजुटीनं माझ्याशीच खोटं बोलली? माझ्यात एवढं काय आहे!

सर ३१ जानेवारीला निवृत्त होतात. तोवर प्रबंध दिला नाही तर नवा गाईड, आणि पुन्हा श्रीगणेशा. मी त्रेचाळीसची. सरांचा तोडगा — "ताप न येताच विषाणू येऊन जातो, असं लिहा आणि सही घ्या." म्हणजे जगभर लोक तापानं फणफणतात, फक्त हुबळी-धारवाडची माणसं लोखंडाची!

११ सप्टेंबर

लिहायला बसले. दीड पान झालं. फाडलं.

२० सप्टेंबर, रविवार

आज मला माझ्याच नवऱ्यानं शिकवलं. हे वाक्य त्याला कधी दाखवायचं नाही.

प्रभंजन सकाळपासून गप्प. केलगेरीच्या तळ्यावर फिरायला गेला नाही. हात लावला तर अंग गरम. "ताप आहे का रे?" "छे! जरा कसर आहे." थर्मामीटर लावला — शंभर पॉइंट सहा! म्हटलं, हा ताप नाही तर काय आहे? वकीलसाहेब पांघरुणातून युक्तिवाद करायला लागले — "ताप म्हणजे माणूस अंथरुणाला खिळतो, डॉक्टर घरी येतो, तो. अंग नुसतं गरम, कामाला जाता येतं — ती कसर."

मी थर्मामीटर हातात धरून उभीच राहिले.

कसर! मीसुद्धा हेच ऐकत वाढले. आईला तापच कधी आला नाही, जन्मभर कसरच होती. शिकले, प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणली आणि मोठ्या तोऱ्यात लिहिलं — ताप. लोकांनी विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. नव्हता ताप! कन्नड प्रश्नावलीचीही तीच गत असणार — "ज्वर इल्री, मै बिसी अष्ट." ज्वर नाही, अंग तेवढं गरम.

प्रभंजनला सांगितलं तर कसर असलेला माणूस उठून बसला. "म्हणजे तुझ्या सात वर्षांच्या संशोधनात एवढीच कसर राहिली!" दिवसभर स्वतःच्या विनोदावर हसत होता. एका शब्दानं माझी सात वर्षं खाल्ली, आणि याला कोटी सुचते.

२२ सप्टेंबर

सरांना सांगितलं. आधी हसले. मग गंभीर झाले. "सगळ्यांना पुन्हा विचारणार? चार महिन्यांत? आणि ज्यांना आजार नाही असे साठ जण तुलनेला घेतलेत, त्यांना?"

त्यांनाही. नाहीतर एकाला एक प्रश्न आणि दुसऱ्याला दुसरा — असं कसं चालेल? सर म्हणाले, "वेळेत झालं नाही तर मी सही करायला नसेन." धमकी नव्हती. काळजीच होती. मला दोन्ही सारखंच लागलं.

२६ सप्टेंबर

तुलनेचे साठ जण म्हणजे बहुतेक आमच्या कॉलेजचेच — कारकून, शिपाई, लॅबवाले. "गेल्या तीन महिन्यांत कधी कसर आली होती का?" असं विचारल्यावर लायब्ररीतले विठ्ठलराव म्हणाले, "मॅडम, मला रोज साडेदहाला येते, साडेपाचला उतरते."

११ ऑक्टोबर

चार घरं. सहा चहा. तीन 'होय'.

१ नोव्हेंबर

एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पहिल्यांदा विचारलात तेव्हाच नीट का नाही विचारलात?" चहा प्यायले.

२२ नोव्हेंबर

अठ्ठेचाळीस रुग्ण झाले. सात जणांचा पत्ता नाही. पाच जण आता नाहीत. तिथं घरच्यांना विचारायचं. ही घरं मी शेवटी ठेवलीत. कारण लिहीत नाही, मला ठाऊक आहे.

६ डिसेंबर, रविवार

जुनी हुबळी. एकोणीस नंबर — नागोजी, वय छत्तीस, दाजीबानपेठेत घाऊक कापडाच्या दुकानात कामाला होता. गेल्या वर्षी गेला. जावं की नको, असं बसमध्ये चाललं होतं. पण कागदावर रकाना रिकामा, आणि रिकामा रकाना मला बघवत नाही. माझाही एक रोगच म्हणायचा.

त्याची बायको मथुरा साडीला फॉल लावत बसली होती. ओळखलं मला. "बसा की अक्का." नको म्हटलं तरी चहा ठेवला. दोन मुली आहेत, धाकटी पाटीवर काहीतरी गिरवत होती, तिला शेजारी पाठवलं. मी विचारलं — आता विचारायची सफाई आलीय — "त्यांना दम लागायच्या आधी तीन महिन्यांत कधी कसर-बिसर आली होती का हो?"

"होती की. लग्नसराईत. आठ दिवस." सुई चालूच. "म्हणाले, अंग मोडून आलंय, आज घरी राहतो. दुकानात तर गाठी उतरायच्या होत्या. मीच म्हटलं, कसरीला कोण घरी बसतंय? मालक काय म्हणतील? डबा हातात दिला आणि धाडलं."

मी 'होय'वर खूण केली. खोटं कशाला लिहू — त्या क्षणी बरं वाटलं. चौतिसावा 'होय'!

मग सुई थांबली. "हे का विचारताय अक्का?" मी काहीतरी पुटपुटले. बाई हुशार. सात वर्षांत मला कुणी विचारलं नाही ते तिनं विचारलं — "तवा घरी ठेवून घेतलं असतं, तर राहिले असते का?"

खरं उत्तर : माहीत नाही. कदाचित. विषाणू शिरलेल्या हृदयावर श्रमाचा भार पडला की ते जास्त बिघडतं, असं उंदरांत दिसलंय. माणसांचं कुणी छातीठोक सांगत नाही. हे सगळं तिला सांगू? उंदरांचं?

म्हटलं, "नाही हो. काही फरक पडला नसता."

"नक्की?"

"नक्की. मी शिकलेय ना त्यातलंच."

पदर तोंडाला लावून खूप रडली. मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "चहा निवला. दुसरा करते." मी दुसराही प्यायले. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि पिशवीतला कागद नीट आहे ना, हेही मी दोनदा चाचपून बघितलं.

७ डिसेंबर

प्रभंजनला सांगितलं. म्हणाला, "एवढं ठाम खोटं माझ्या साक्षीदारांना जमत नाही." मी हसले नाही. जेवताना म्हणाला, "मीही तेच बोललो असतो." बरं वाटलं नाही.

१० जानेवारी १९९९

आकडेमोड झाली. सापडले तेवढ्या रुग्णांपैकी निम्म्याहून खूप जास्त 'होय'. तुलनेच्या लोकांत पाव. विठ्ठलरावांची रोजची कसर धरली नाही. फरक योगायोगाचा नाही! सरांनी दोनदा तपासलं आणि पेढे मागवले.

शेवटच्या प्रकरणात मी लिहिलं होतं — तापात, तो कितीही बारीक असो, श्रमाचं काम टाळावं. सरांनी त्याचं "टाळणं हितावह ठरू शकेल" केलं. म्हणाले, "सिद्ध कुठं झालंय?" बरोबर आहे. 'ठरू शकेल'च्या आड अख्खी युनिव्हर्सिटी लपू शकेल.

२९ जानेवारी

प्रबंध दिला! पाच प्रती. सरांनी पाचही वेळा पूर्ण सही केली.

७ एप्रिल

जागतिक आरोग्य दिन. कॉलेजात माझं भाषण. तीनदा बजावून सांगितलं — संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. पुढच्या रांगेतला वार्ताहर मान डोलावत होता. झोपेनं, हे नंतर कळलं.

९ एप्रिल

बेळगावहून येणाऱ्या मराठी पेपरात फोटोसकट : "कसर अंगावर काढाल तर हृदय गमवाल! धारवाडच्या विदुषीचा शोध." 'ठरू शकेल' कुठंच नाही. विदुषी मात्र आहे. प्रभंजननं सात अंक आणले. पक्षकारांना वाटतोय. चिडले, पण एक अंक कपाटात ठेवलाही. फोटो बरा आलाय.

१३ एप्रिल

मथुराबाई कॉलेजात आल्या होत्या. हातात बातमीचं कात्रण. मी घाईघाईनं सुरू केलं — पेपरवाल्यांनी वाढवून लिहिलंय, तसं अजून सिद्ध झालेलं नाही. त्यांनी हातानं थांबवलं.

"राहू दे अक्का. तुम्ही त्या दिवशी खोटं बोललात ते बरंच केलात. ते गेल्यापासनं हे चार महिनेच काय ती झोप लागली."