भूल मानवली नाही

सर,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या दवाखान्यातल्या नव्या सिस्टरना तुम्ही फक्त फोटोतले मोठे डॉक्टर म्हणून माहीत आहात. चंदनाचा हार, कपाळाला गंध आणि तेच ते हसू. बीडमध्ये अजूनही तुमचं नाव निघालं की लोक हात जोडतात. मी जोडत नाही. आता तिथं तुमचा मुलगा ऑपरेशनं करतो आणि भूल मीच देते, त्यामुळे त्या फोटोखालून रोज जावं लागतं, आणि रोज मी मनातल्या मनात एक शिवी देते. आज म्हटलं, लिहूनच टाकू. तुम्ही जिवंत होतात तेव्हा मला बोलू दिलंत कुठं?

शिकवलंत मात्र तुम्हीच, ते मी नाकारत नाही. दिंद्रुडची पोर मी, डिग्री कोरी, पुस्तकात सगळं होतं आणि हातात काही नव्हतं. प्रोस्टेटची गाठ दुर्बिणीतून खरवडायची तर पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर करायचं आणि माणूस जागा ठेवायचा, एवढं येत होतं. जागा का ठेवायचा, ते तुम्ही समजावलंत. आत नीट दिसावं म्हणून सारखं पाणी सोडावं लागतं, कापलेल्या शिरांतून ते रक्तात शिरतं, फार शिरलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि पहिला फटका डोक्याला बसतो. "म्हणून पेशंटला बोलतं ठेव," तुम्ही म्हणायचात. "मशीन उशिरा सांगतं. शेतकऱ्याला रान विचार, दुकानदाराला भाव विचार. उत्तर चुकलं की मला थांबव." माझी उंची कमी, म्हणून पेशंटच्या उशाशी बसायला सुताराकडून उंच स्टूल करून आणलंत. किती कौतुक वाटलं होतं मला! घरी आईला सांगितलं, सर देवमाणूस आहेत.

मग तो लिंबागणेशकडचा मेंढपाळ आला. म्हातारा काटक, तोंडाचा मोठा गोड. मी स्टुलावर बसून त्याला मेंढरांबद्दल विचारते आहे. किती आहेत ते तो सांगत नाही, दृष्ट लागते म्हणतो. पण एकेकीचं कूळ त्याला तोंडपाठ. "भुंडीची लेक कानतुटी, कानतुटीची ती पांढऱ्या तोंडाची. बाई, तुमच्या सोयऱ्यात कोण कुणाची हे तुमाला तरी एवढं ठावं हाय का?" सगळे हसतात, तुम्हीही हसता. गाठ मोठी आहे, रक्त फार आहे. "दिसंना काही, बाटली वर घे," तुम्ही म्हणता, आणि सिस्टर पाण्याची बाटली स्टँडवर आणखी वर टांगते. बाटली जितकी वर, पाणी तितकं जोरात आत. तेही साधं पाणी, उकळून निर्जंतुक केलेलं, आपण तेव्हा तेच वापरायचो. म्हातारा जांभया देऊ लागतो. हात काढून घ्यायला बघतो, उठू बघतो. मी विचारते, "आजोबा, कानतुटी कुणाची लेक?" तो माझ्याकडे टकामका बघतो. "कोण कानतुटी?"

अहो, बायकोचं नाव विसरला असता तर मी एकदा समजून घेतलं असतं. पण आयुष्यभर मेंढरांमागं फिरलेला माणूस आपल्याच मेंढीची आई विसरेल? "सर, थांबा. पाणी चढलंय." तुम्ही म्हणालात, "काही नाही, म्हातारं झोपंला आलंय." मी पुन्हा म्हणाले, "सर, मी थांबा म्हणतेय." आणि दुर्बिणीवरचा डोळासुद्धा न काढता, सगळ्या स्टाफसमोर तुम्ही म्हणालात, "तू भूल दे. अक्कल देऊ नको." पुन्हा सगळे हसले. अर्धी गाठ आत ठेवून पेशंट टेबलावरून उतरवला तर लोक काय म्हणतील, ही तुमची काळजी. तुमच्या हातानं कधी काही अर्धवट राहिलं नव्हतं ना! तुम्ही गाठ पूर्ण काढलीत. म्हाताऱ्याला तिथंच झटके आले. मी मिठाचं सलाइन लावलं, लघवी होण्याचं इंजेक्शन दिलं, श्वासाची नळी घातली, छाती दाबली. दुपारपर्यंत तो गेला.

बाहेर व्हरांड्यात त्याचा मुलगा उभा होता, धाकट्या लेकराला कडेवर घेऊन. तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "भूल मानवली नाही बघ त्यांना. वय झालं होतं." इतकंच. आपल्याकडे या वाक्यावर पुढं कुणी काही विचारत नाही. फक्त भूल कुणी दिली ते बघतात. मी तुमच्यामागंच दारात उभी होते. मेंढपाळाची म्हातारी माझ्याकडे आली, माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "माय, काय दिलंस गं माज्या धन्याला?" तुम्ही ऐकलंत आणि हात धुवायला आत गेलात. मी मागोमाग आले तर साबण लावता लावता म्हणालात, "माझं नाव गेलं तर दवाखाना बसेल. तू नवी आहेस, तुझं लोक विसरतील."

नाही विसरले हो. भाजी घेताना मागून ऐकू यायचं, "हीच ती भूलवाली." नातेवाईक सर्जनला बाजूला घेऊन विचारायचे, ती बाई नाही ना? माझ्या सख्ख्या काकांचं हर्नियाचं ऑपरेशन होतं, तर घरात मी असताना त्यांनी औरंगाबाद गाठलं आणि बरे होऊन मला पेढे द्यायला आले. मी गप्प बसले असं समजू नका. बाकीच्या डॉक्टरांना सांगितलं, ते म्हणाले, झालं गेलं सोडा, सरांविरुद्ध कुठं बोलता? मग मी एकटी रिक्षा करून त्या मेंढपाळाच्या वस्तीवर गेले. तोंड उघडायच्या आधी मुलानं काठी उचलली. "बापाला मारून आता दारात आलीस व्हय? नीघ!" कुत्री मागं लागली, चप्पल तिथंच राहिली. अनवाणी रस्त्यापर्यंत आले, आणि त्या दिवशी ठरवलं की तुम्हाला माफ करायचं नाही. तुम्ही गेलात तेव्हा सगळं बीड लोटलं होतं. मी घरी शिरा केला. दोनदा घेतला.

आता ऐका. परवा तोच मुलगा तुमच्या मुलासमोर येऊन बसला. आता तोही बापासारखा म्हातारा मेंढपाळ झालाय, त्यालाही तोच त्रास, गाठही बापाएवढी. मी भुलीची तपासणी करायला आत गेले तर त्यानं मला पाहिलं आणि खुर्चीवरून उठलाच. "ह्या बाईची भूल नको. हिच्या भुलीनं आमचा बाप गेला. डाक्टर, मी तसाच मरंन, पण हिच्या हाताखाली जायाचा न्हाई." तुमचा मुलगा गोंधळला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं, तुम्ही कशाला सांगाल? मला म्हणाला, "मॅडम, आपण दुसऱ्या कुणाला बोलवू या." तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, नाही. बसा दोघंही. आणि तुमच्या त्या हाराखाली उभं राहून मी सगळं सांगितलं, बाटली, जांभया, कानतुटी, अक्कल देऊ नको, साबण, सगळं. "तुमचा बाप भुलीनं नाही गेला. पाण्यानं गेला. मी थांबा म्हणत होते आणि याचे वडील थांबले नाहीत."

तुमचा मुलगा म्हणाला, "बाबा असं करणार नाहीत." मी म्हटलं, "तुझे बाबा असंच करायचे." मेंढपाळानं त्याच्याकडे बघितलं. "खरं हाय का, डाक्टर?" त्यानं मान वर करून तुमच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाला, "मॅडम खोटं बोलत नाहीत. खरं असेल." त्याचे डोळे भरले, आणि तुम्हाला सांगते, मला बरं वाटलं. पोर गुणी आहे, त्यानं माझं काही वाकडं केलेलं नाही, तरी माझं काळीज थंड झालं. मेंढपाळ मात्र माझ्याकडे वळला. "तू आलतीस," तो म्हणाला. "आमच्या दारात आलतीस सांगाया. मीच हाकललं. आय अजून म्हनती, त्या पोरीचं तोंड तसलं नव्हतं." मग पिशवी बाजूला ठेवून म्हणाला, "भूल हीच बाई दील. नसंल तर मी चाललो."

आज सकाळी त्याचं ऑपरेशन झालं. नव्या मशीनला मिठाचं पाणी चालतं, तुमच्या वेळचा तो धोका आता नाही. तरी जास्त चढलं तर छातीत भरतं, म्हणून किती आत गेलं आणि किती परत आलं ते मी डोळ्यांत तेल घालून बघते. पाण्याची पिशवी किती उंच टांगायची तेही मीच ठरवते. त्याचं सगळं छान चाललं होतं. गडी उशाशी गप्पा मारत होता, नाडी चांगली, आत गेलेलं पाणी बरोबर बाहेर येत होतं. तुमचा मुलगा सिस्टरला काहीतरी सांगत होता. त्याचा आवाज हुबेहूब तुमचा आहे, मास्कमधून तर फरकच कळत नाही.

हे पत्र कुठं टाकणार? सकाळी फाडून टाकीन. पण एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही, ती तुम्हालाच सांगते. मध्येच मी तुमच्या मुलाला म्हणाले, "थांब." तो म्हणाला, "काय झालं, मॅडम?" मी म्हटलं, "थांब म्हटलं ना." त्यानं मशीनच्या पेडलवरचा पाय काढला, पाणी बंद केलं, हात मागे घेतले आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी एक लांब श्वास घेतला आणि म्हटलं, "कर सुरू." काही झालं नव्हतं, सर. काहीसुद्धा झालं नव्हतं.