चार नंबरच्या टाकीतलं कारस्थान

२ मार्च, गुरुवार. सकाळी ७.१०

आजपासून सगळं लिहून ठेवणार. तारीख, वेळ, कोण काय बोललं. उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर हाताशी असावं.

विषय : चार नंबरची टाकी. गेले अकरा दिवस तिच्यावर कार्ड लटकतंय. कार्डावर एकच शब्द, 'लॉन्ड्री'. म्हणजे धुलाई चालू. मी बिअरची ही ब्रुअरी सत्त्याऐंशी साली काढली. टाकी धुवायला किती वेळ लागतो हे मला कोणी शिकवू नये. दीड तास. मध्ये कॉफी घेतली तर पावणेदोन.

ड्वेनला विचारलं. ड्वेन आमचा मुख्य ब्रुअर, बावीस वर्षं माझ्याकडे आहे. म्हटलं, चारमध्ये काय आहे? म्हणाला, "लॉन्ड्री आहे, व्हर्न." अगदी साधा चेहरा ठेवून. तिथेच पकडला मी त्याला. खरं बोलणारा माणूस जरा तरी गडबडतो.

संध्याकाळी ६.००

ठरवलं : पुरावा हाती येईपर्यंत कोणाजवळ अवाक्षर काढायचं नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

६.०४

लोर्नाला सांगितलं. बायकोला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे. ती म्हणाली, "संशय घ्यायला घरात मी कमी पडले का, की आता टाकीवर घेतोस?" या वाक्याचा रोख कळला नाही. नोंद करून ठेवली.

३ मार्च, शुक्रवार

हार्बर बारने आमचा नळ काढला. एकतीस वर्षं त्या नळातून आमची बिअर 'हापाला ब्राऊन' वाहत होती. मालक म्हणतो, लोक मागत नाहीत. म्हटलं, कोण लोक? नावं सांग. एकही नाव सांगता आलं नाही त्याला. म्हणजे वरून दबाव आहे.

आमच्या जागी लावलीय 'पीच पायजमा'. हे बिअरचं नाव आहे. मी पूर्ण शुद्धीवर लिहितोय.

ही बनवते मार्गो पेल्टियर नावाची बाई. शाळेत विज्ञान शिकवायची. दोन वर्षांपूर्वी नदीपलीकडच्या बंद पडलेल्या धोब्याच्या दुकानात तिने बिअर सुरू केली. दारावरची 'लॉन्ड्री' ही जुनी पाटीसुद्धा उतरवलेली नाही. जिला पाटी बदलायचा कंटाळा, ती बिअर काय बनवणार?

६ मार्च, सोमवार

शत्रूच्या गोटात जाऊन आलो. वेश पालटला होता : मेव्हण्याची टोपी, लोर्नाचा वाचायचा चष्मा. दारातच मार्गोबाई म्हणाली, "या या, मिस्टर हापाला! पायरी सांभाळून, चष्म्याने काही दिसत नसेल तुम्हाला." म्हणजे माझे फोटो आधीच वाटलेले आहेत.

बिअर मागवली. भांडी विसळलेल्या पाण्यासारखी गढूळ. आमच्या वेळी अशी बिअर निघाली की आम्ही गटारात ओतायचो आणि त्याबद्दल गावात बोलायचो नाही. वास पीचचा, चवही पीचची. कडवटपणा शोधत शोधत ग्लास संपला. एका ग्लासावरून मत बनवणं अन्यायाचं, म्हणून दुसरा घेतला. तिसरा तिने आग्रह केला म्हणून.

सोमवारी दुपारी चार वाजता बसायला जागा नाही! उघड आहे, माणसं भाड्याने आणलेली. त्यांत आमचा दातांचा डॉक्टर होता, पास्टर होते आणि लोर्नाची बहीण होती. पास्टर इतक्या स्वस्तात जातील असं वाटलं नव्हतं.

९ मार्च, गुरुवार. सकाळी ९.३०

चार नंबरच्या टाकीपाशी पीचचा वास! ड्वेनला म्हटलं, वास कसला? म्हणाला, "पीचचा." म्हटलं, पीच कुठून आले? म्हणाला, "जॉर्जियातून, डबाबंद." प्रत्येक प्रश्नाला चटकन उत्तर तयार. शिकवून ठेवलाय त्याला कोणीतरी.

एइलाला विचारलं. एइला माझी मुलगी. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून ऑफिस ती बघते. ती फोनवर होती, हात वर करून "थांबा पप्पा" म्हणाली आणि फोनमध्ये म्हणाली, "हो मार्गो, सोमवारी सकाळी ट्रक पाठव."

मार्गो!

पोटची पोर. लहानपणी मी तिला माल्टच्या पोत्यावर झोपवायचो.

१३ मार्च, सोमवार. सकाळी ६.००

गाडी ब्रुअरीच्या मागच्या दारासमोर लावून पाळत. सोबत थर्मास, लोर्नाने बांधून दिलेली मटणाचं सारण भरलेली पेस्टी, दुर्बीण. दार वीस फुटांवर आहे, पण दुर्बीण असलेली बरी. डोळ्यांत तेल घालून बसलोय.

सकाळी १०.४०

रात्रभर झोप नीट झाली नव्हती त्याला मी काय करणार. माझे डोळे मिटलेले असताना फूटभर बर्फ पडला आणि बर्फ बाजूला करणाऱ्या ट्रकने उरलासुरला माझ्या गाडीवर लोटला. एइलाने फावड्याने उकरून काढलं. "पप्पा, आत काय करताय?" म्हटलं, बॅटरी तपासतोय. म्हणाली, "गाडीची की तुमची?"

बर्फात दुसऱ्याच एका ट्रकच्या चाकांचे ताजे ठसे. मागच्या दारापर्यंत आलेले, आणि परत गेलेले.

१६ मार्च, गुरुवार. दुपारी १२.२०

सापडलं!! मागच्या कोठारात ताडपत्रीखाली कॅनचे खोके, छतापर्यंत. प्रत्येकावर पायजमा घातलेला पीच. माझ्या टाकीत, माझ्या पाण्याने, माझ्या छपराखाली चोरून त्या बाईची बिअर गाळतायत!

शेरीफच्या ऑफिसला फोन केला. फोन करताना आवाज अजिबात कापला नाही.

दुपारी ३.००

डेप्युटी आला, भला माणूस. त्याने एइलाला विचारलं. एइला फाइल घेऊन आली. करार. 'लॉन्ड्री ब्रुअरी' यांची बिअर हापाला ब्रुअरीने आपल्या टाक्यांत बनवून द्यावी. खाली सही.

सही माझी.

पहिल्यांदा वाटलं, खोटी सही. पण व्ही या अक्षराला अशी शेपटी या गावात मीच काढतो. तारीख चौदा नोव्हेंबर. म्हणजे हरणाच्या शिकारीचा मोसम उघडायच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी कोणी कागद पुढे करतं का? मी गाडीत रायफल ठेवत होतो.

एइला म्हणाली, "मी सगळा करार मोठ्याने वाचून दाखवला. तुम्ही म्हणालात, लॉन्ड्री ना? करून टाक, ॲप्रन फारच कळकट झालेत."

डेप्युटी खोकला. कॅनचा एक खोका विकत मिळेल का म्हणून त्याने विचारलं. ड्यूटीवर होता, तरी विचारलं. (नाव लिहून ठेवलं आहे.)

१७ मार्च, शुक्रवार

एइलाने खुर्चीत बसवलं आणि दार लावलं. म्हणाली, "पप्पा, आज नीट ऐका. पाच टाक्या आहेत. त्यांतल्या तीन टाक्यांत दुसऱ्यांची बिअर आहे. त्या बाईने काम दिलं नसतं तर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगलाच टाळं लागलं असतं आपल्याला. ड्वेन आणि बाकीचे सहाजण घरी बसले असते."

म्हटलं, आणि ब्राऊन?

ती खिडकीबाहेर बघायला लागली. म्हणाली, "अर्धी टाकी मुदत उलटली म्हणून ओतून देतो आपण. दर खेपेला. तुम्ही घरी गेल्यावर देतो, तुम्हाला बघायला नको म्हणून."

मे महिन्यापासून ब्राऊन बंद करायची म्हणते. तिचे डोळे लाल होते. सर्दी असावी. या दिवसांत होतेच.

मी ईस्टरपर्यंत मुदत मागितली. तीन आठवडे. तेवढ्यात सिद्ध करून दाखवतो की माणसांची चव बदललेली नाही, फक्त त्यांना फितवलंय. ती म्हणाली, "बरं." फार पटकन म्हणाली. सावध राहिलं पाहिजे.

२० मार्च, सोमवार

मोहीम सुरू. दिवसाला चार बार. प्रत्येक मालकाला समोरासमोर गाठायचं.

संध्याकाळ

एक बार झाला. गुडघा. शिवाय मालकाने बसवून घेतलं आणि त्याच्या घटस्फोटाची हकिकत सांगितली. विषयाकडे वळवतच नव्हता. मुद्दाम.

२२ मार्च, बुधवार

वर्तमानपत्राला पत्र पाठवलं : 'बिअर की फळांचा रस? – एका जाणकाराचा इशारा.' लोर्नाने वाचून बघितलं. म्हणाली, पाच पानांची अडीच कर. आठ केली.

२४ मार्च, शुक्रवार

पत्र छापलं. चार ओळी, हरवलेल्या कुत्र्याच्या जाहिरातीखाली. शेवटची ओळ कापली, त्यामुळे मी फळांच्या रसाच्या बाजूने आहे असं वाटतं. मार्गोबाईने आभाराचं कार्ड पाठवलं. टोमणा की काय, कळत नाही. अक्षर सुरेख आहे.

२७ मार्च, सोमवार

डॉलीच्या बारमध्ये गेलो. डॉली ऐंशीची आहे, आमचं पहिलं पिंप तिनेच घेतलं होतं. म्हटलं, डॉली, तुझ्यावर कोणाचा दबाव आहे? मला सांग, मी आहे.

ती ग्लास पुसत होती. म्हणाली, "व्हर्न, तुझी बिअर पिणारे गेले रे. अर्धे फ्लोरिडाला, अर्धे वर. राहिलेल्यांना डॉक्टरने बंदी केलीय."

म्हटलं, नवीन पोरं?

म्हणाली, "त्यांना आजोबांची पँट घालायला सांगितलीस तर घालतील का? पँट चांगलीच आहे. पण आजोबांची आहे."

मी म्हटलं की बिअर आणि पँट यांत फरक आहे. ती म्हणाली, "हो. पँट मुदत उलटली तरी चालते."

घरी येताना तळ्याकाठी गाडी थांबवली. बर्फ अजून किनाऱ्याला घट्ट धरून आहे. काही वेळ बसलो. कशावर पाळत नव्हती, नुसताच बसलो.

२९ मार्च, बुधवार. सकाळी ८.१५

विजय! विजय!! एइलाचे विक्रीचे कागद चाळत होतो (तिचा ड्रॉवर उघडाच होता, किल्लीने उघडल्यावर) आणि एक नाव सापडलं. रूडीज सपर क्लब, रात्रीच्या जेवणाचं हॉटेल, इथून चाळीस मैलांवर. ब्राऊनची आठवड्याला दोन पिंपं. फेब्रुवारीच्या शेवटापासून तीन! वाढतायत! एकीकडे सगळीकडून आमचे नळ निघतायत आणि तिथे रानात, रस्ता संपतो तिथे, चव जाणणारी माणसं शिल्लक आहेत. एइला हे माझ्यापासून लपवत होती.

एइला म्हणाली, "लपवत नव्हते पप्पा. तुम्ही विचारलं नाहीत."

परवा जाणार. त्यांना मानपत्र द्यायचं. पितळी पाटी करायला टाकली : 'अखेरपर्यंत निष्ठावंत'. लोर्ना म्हणाली, थडग्यावर लावतात तशी वाटते. ती येणार नाही.

३१ मार्च, शुक्रवार

(रूडीजच्या पार्किंगमधून, गाडीत बसून, सायंकाळी ५.५०)

दारापासून रांग. आत शंभरएक माणसं असतील. पाटी कोटाखाली धरलीय. आधी गुपचूप बघणार, मग जाहीर करणार.

सायंकाळी ७.२०

सगळ्या टेबलांवर नजर फिरवली. दोनदा. पायजमा, पायजमा, लाइट बिअर, कोक, पायजमा, बिनदारूची कसली तरी. ब्राऊन एकाही हातात नाही. एकाही नाही. मग आठवड्याला तीन पिंपं जातात कुठे? कॅनडात? तळघरात साठा? भाव चढेपर्यंत दाबून ठेवतोय हा रूडी?

संडासाला जातो म्हणून उठलो आणि स्वयंपाकघरात शिरलो.

आत एक जाडजूड बाई, हात कोपरापर्यंत पिठात. बाजूला आमचं पिंप. नळ थेट घमेल्यात सोडलेला. माझी ब्राऊन फेसाळत पिठात पडत होती. बाई ते एका हाताने फेटत होती, दुसऱ्या हाताने व्हाइटफिशचे तुकडे बुडवून कढईत सोडत होती.

मी म्हटलं, हे काय चाललंय?

म्हणाली, "मासे तळतेय. ईस्टरआधीचे शुक्रवार आहेत, गावाला मटण चालत नाही. तू कोण? आरोग्य खात्याचा?"

नाही म्हटलं. विचारलं, हीच बिअर का?

म्हणाली, "सगळ्या घालून बघितल्या. पीचची घातली तर मासा शाळेच्या डब्यातल्या जॅमसारखा लागतो. लाइटने नुसता पांढरा पडतो. ही घातली की रंग येतो, कुरकुरीत होतो, एक खमंग वास सुटतो. कोण बनवतं देव जाणे. प्यायला कोणी मागत नाही, पण उद्या ही बंद झाली तर मीही ॲप्रन काढून ठेवीन."

मग तिने एक तुकडा कागदावर ठेवून माझ्या हातात दिला. "खाऊन बघ. उभ्या उभ्या खा, टेबल मिळणार नाही."

खाल्ला. आणखी दोन खाल्ले.

ती म्हणाली, "एकच खोट आहे. फेस थोडा कमी पडतो, पीठ जड होतं. बनवणाऱ्याला सांगायला पाहिजे कोणीतरी. पण ही जुनी खोडं ऐकतात थोडीच."

मी कोण ते सांगितलं नाही. पाटी कोटातच राहिली. चालताना मांडीला टोचत होती.

३ एप्रिल, सोमवार. सकाळी ८.००

एइलाला सांगितलं : महिन्याला ब्राऊनचा एकच घाणा, सगळा रूडीजला. उरलेल्या टाक्या मार्गोबाईला देऊन टाक. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला पुन्हा सर्दी झालीय.

मग ड्वेनला म्हटलं, ब्राऊनमध्ये गॅस जरा वाढव. फेस जास्त यायला पाहिजे.

ड्वेनने हातातला पाना खाली ठेवला. म्हणाला, "व्हर्न, बावीस वर्षांत मी नऊ वेळा हेच सुचवलं. दर वेळी तुम्ही मला हाकलून दिलंत. आता कोणाची तक्रार आली?"

म्हटलं, माशाची.

दिवसभर तो माझ्याकडे संशयाने बघत होता.