वहिनीनं सोडलेला चहा

अमरावती

आईस, आचलचा दुरूनच नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. वेलनेस सेंटरवर लोकांना ताण कमी करायला शिकवते.

वहिनीचं ऐकून तू चहा सोडलास, छातीतली धडधड थांबली, झोप लागते, हे ऐकून बरं वाटलं. पण खरं सांगू? वहिनीचा हेवा वाटला. चहा कमी कर, सकाळी चाल, हे मीच वर्षभर सांगत होते. तेव्हा तू म्हणायचीस, "चार बुकं शिकली अन् मले शिकोते!"

रोहितदादाला विचारलं, "आईनं तिचंच काहून ऐकलं?" तो हसला. "तिनं आधी सोताचा चाय सोडला. मंग आई एकटी कशी पिईन?"

आजपासून मीही सोडलाय. दिवाळीत मळ्यापर्यंत माझ्यासोबत चालशील? वहिनीला घरीच राहू दे.

तुझी पोटची लेक,
आचल