भिंतीवरचे जबडे

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे मनातल्या मनात, घातला असं समज). तब्येत कशी आहे? सूनबाई फोनवर सांगते ती नको, खरी कळव.

माझी कामाची खोली सोडावी लागली, हे तुला ठाऊकच आहे. चाळीस वर्षं दातांच्या डॉक्टरांकडून आलेल्या मापांवर कवळ्या बनवल्या, आणि कवळी गेली की मागे उरणारा प्लॅस्टरचा जबडा फेकायचं माझ्या जिवावर यायचं (तुझ्या लग्नातल्या खोक्यांच्या सुतळ्याही मी ठेवल्यात). असे तीनशे जबडे घरी आले. भंगारवाल्याने पोत्यात हात घातला, आणि नंतर तो दिसला तो थेट जिन्याच्या खाली. शेवटी म्हटलं, यांची काहीतरी कला करू. महिनाभर खपून बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर सगळे ठोकून बसवले, पक्ष्यांचा थवा उडाल्यासारखे. म्हणजे मनात तरी थवाच होता. प्रत्यक्षात तीनशे माणसं एकदम मला हसतायत असं दिसतं. मीटरवाल्याने तर "काका, आकडा तुम्हीच सांगा" म्हणून दारातूनच हात जोडले. जेवताना मी भिंतीकडे तोंड करून बसतो. इतकी तोंडं समोर, आणि मी ठसकलो तरी माझ्याच आवाजाने दचकतो. फार एकटं वाटतं गं.

मागच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या बाई ठोकाठोकीची तक्रार घेऊन आल्या. पुरत्या तयारीने आल्या होत्या, पण भिंतीकडे नजर जाताच तक्रार सोडून तिच्याजवळ गेल्या. खिडकीजवळचा, पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेला जबडा त्यांच्या यजमानांचा निघाला. (कवळी फक्त दाढांची होती, पुढचे दात त्यांचेच. ते जाऊन सहा वर्षं झाली.) मी तो उचकटून काढून दिला. बाईंनी रुमालाने पुसला, तासभर बसल्या, यजमान झोपेत दात कसे खायचे ते करून दाखवलं, चहा घेतला आणि जबडा घेऊन गेल्या. खरं सांगतो ताई, आणखी एका तासासाठी मी उरलेले दोनशे नव्याण्णवही देऊन टाकले असते. पण त्या पुन्हा आल्या नाहीत. ठोकाठोकी मी मुद्दाम चालू ठेवली आहे.

बाकी सगळं उत्तम.

तुझा,
धाकटा

ता.क. : भिंतीवर एक जागा रिकामी झाली आहे. तिथे तुझा जबडा शोभेल. माप काही पोस्टाने घेता येत नाही, तेव्हा तुला यावं लागेल.

आणखी एक : तुझी कवळी मीच केली होती आणि तो जबडा माझ्या कपाटात आहे, हे तुला आठवायच्या आत कबूल करतो. तो भिंतीवर लावायला हात धजावत नाही. तिथे सगळी परत न येणारी मंडळी आहेत. गाडीची वेळ कळव.